डोरेमॉनचा शेवटचा भाग

डोरेमॉनचा शेवट काय होतो? हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? लहानपणी पडला असेलच. आणि नसेल, तर घरात कुठल्यातरी भाच्याने किंवा पुतणीने विचारला असेल.

उत्तरं हवी तेवढी मिळतात. एक उत्तर असं, की नोबिता मुळात आजारी मुलगा आहे, हॉस्पिटलात बेशुद्ध पडलाय आणि डोरेमॉन हे त्याचं स्वप्न आहे. दुसरं असं, की डोरेमॉनची बॅटरी संपते. ती बदलली तर त्याच्या सगळ्या आठवणी पुसल्या जाणार, म्हणून नोबिता जीव तोडून अभ्यास करतो, मोठा इंजिनियर होतो आणि स्वतः डोरेमॉनला दुरुस्त करतो. ही दुसरी गोष्ट ऐकून डोळ्यात पाणी आलेले चांगले तिशीतले लोक मी पाहिलेत. (आमच्या क्षेत्रातले जरा जास्तच. इंजिनियर हीरो असलेली गोष्ट आणखी कुठे मिळते?)

दोन्ही उत्तरं खोटी आहेत. म्हणजे चाहत्यांनी रचलेली आहेत. खरी हकीकत या दोन्हींपेक्षा जास्त मजेदार आहे, असं माझं मत. डोरेमॉनच्या निर्मात्याने ही मालिका एकदा नाही, तीनदा संपवली होती. तिसऱ्यांदा तर इतकी सुंदर संपवली की तिथेच पूर्णविराम द्यायला हवा होता. पुढच्याच महिन्यात त्याने तो मागे घेतला. का घेतला, आणि घेतला ते बरं केलं का, एवढंच आज लिहायचं आहे.

माझा या विषयाशी संबंध आला तो जपानी शिकताना. पुण्यात आयटीवाल्यांच्या जपानी क्लासेसना तोटा नाही. एन-४ च्या तयारीला लागल्यावर कोणीतरी सुचवलं की लहान मुलांची कॉमिक्स वाच, कांजी अक्षरांच्या बाजूला बारीक कानात उच्चार छापलेले असतात. म्हणून डोरेमॉनचा पहिला खंड हातात घेतला. व्याकरणासाठी घेतला, आणि मग व्याकरण बाजूलाच राहिलं. असो.

दोन मित्र, एक नाव

आपल्याकडे डोरेमॉन हिंदीत बोलत आला तो २००५ साली, हंगामा टीव्हीवर. त्याच्या आगेमागे निंजा हातोरी आणि परमॅनही आले. हे तिघे एकाच घरातले आहेत हे फार कमी जणांना माहीत असतं. हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको या दोन मित्रांनी ‘फुजिको फुजिओ’ या एकाच नावाने कॉमिक्स काढली, त्यातली ही तीन. हातोरी आबिकोंचा, डोरेमॉन फुजिमोतोंचा.

दोघे भेटले ते तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावातल्या प्राथमिक शाळेत, १९४४ साली. दोघांना चित्रांचं वेड, दोघांचे देव ओसामु तेझुका. १९५४ साली दोघे तोक्योला आले आणि ‘तोकिवासो’ नावाच्या लाकडी इमारतीत राहायला गेले. तेझुका नुकतेच सोडून गेले होते त्याच खोलीत. १९५५ च्या नववर्षाला सुट्टीसाठी गावी गेले, आणि घेतलेल्या कामांच्या एकापाठोपाठ एक डेडलाईन चुकल्या. संपादकांचा विश्वास पुन्हा मिळवायला बराच काळ गेला. १९६४ साली ‘ओबाके नो क्यूतारो’ या भुताच्या गोष्टीने मात्र दोघांना घराघरात पोचवलं.

पण साठीचं दशक संपता संपता हवा बदलली. मोठ्यांसाठीच्या, गंभीर, काळ्याकुट्ट चित्रांच्या कॉमिक्सची लाट आली. गोलमटोल हसरी पात्रं काढणारे फुजिमोतो जरा जुन्या वळणाचे वाटायला लागले. अशा वेळी शोगाकुकान या प्रकाशनाने त्यांना नवी मालिका मागितली.

मासिकात आधी जाहिरात छापून आली. त्यात टेबलाचा एक उघडा ड्रॉवर आणि चकित झालेला मुलगा एवढंच होतं. नायकाचा पत्ताच नव्हता, कारण नायक अजून सुचलाच नव्हता! पुढे फुजिमोतोंनीच एका कॉमिकमध्ये याची गंमत रंगवली आहे. मुदत डोक्यावर, सुचत काहीच नाही, मांजराच्या पिसवा काढण्यात वेळ गेलेला, आणि शेवटी धावताना मुलीच्या बाहुलीला अडखळून पडल्यावर मांजर आणि बाहुली यांची डोक्यात एकत्र खिचडी होते. भटक्या मांजराला जपानीत ‘दोरानेको’ म्हणतात, आणि ‘एमोन’ हा जुन्या पुरुषी नावांचा शेपटा. त्यावरून दोराएमोन. आपला डोरेमॉन.

बॅच सिस्टीम

आता जरा कंटाळवाणा वाटेल असा भाग, पण सगळी मेख इथे आहे.

शोगाकुकानची मासिकं इयत्तेप्रमाणे निघत. पहिलीच्या मुलांसाठी एक, दुसरीसाठी वेगळं, तिसरीसाठी वेगळं, असं थेट सहावीपर्यंत. त्याखाली बालवाडीसाठी आणखी दोन. १९६९ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे १९७० च्या जानेवारी अंकात, डोरेमॉन एकदम सहा मासिकांत सुरू झाला. बालवाडीची दोन, आणि पहिली ते चौथी. सहाही ठिकाणी एकच गोष्ट नव्हती. वाचणाऱ्याच्या वयाप्रमाणे प्रत्येकासाठी वेगळी काढलेली होती. दर महिन्याला इतक्या वेगवेगळ्या गोष्टी, आणि सगळ्या एकाच माणसाच्या डोक्यातून!

जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. जपानी क्लायंटबरोबर काम केलेल्यांना मार्च महिना म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तर मार्च संपला की तिसरीचा मुलगा चौथीत जाणार आणि एप्रिलपासून चौथीचं मासिक घेणार. मालिका जागच्या जागी, आणि वाचकांची बॅच दरवर्षी पुढे सरकणार. नोबिता वर्षानुवर्षं त्याच वर्गात का राहतो, याचं हे साधं व्यावहारिक उत्तर आहे. तो जिन्याची पायरी आहे, मुलं त्याच्यावरून चढून जातात.

पण जिना चौथीला संपत होता! सुरुवातीला पाचवी-सहावीच्या मासिकांत डोरेमॉन नव्हताच. म्हणजे मार्चमध्ये चौथी संपवणारं मूल डोरेमॉनला कायमचं सोडून जाणार. त्याला निरोप नको का द्यायला?

आधी करार, मग निरोप

निरोपाकडे जाण्याआधी पहिल्या गोष्टीत काय ठरलं होतं ते बघू. आपण टीव्हीवर मधूनच बघायला लागतो, त्यामुळे ही सुरुवात बऱ्याच जणांनी पाहिलेली नसते.

नववर्षाचा दिवस. नोबिता आरामात मोची खात बसलाय. कुठूनतरी आवाज येतो, की तू अर्ध्या तासाने फासाला लटकशील आणि चाळीस मिनिटांनी भाजशील. टेबलाच्या ड्रॉवरमधून डोरेमॉन बाहेर येतो, पाठोपाठ नोबिताचा खापरपणतू सेवाशी. सेवाशीकडे भविष्यातले फोटो आहेत. नोबिताला नोकरी मिळत नाही, तो स्वतःची कंपनी काढतो, ती जळते, मग बुडते, आणि कर्ज एवढं होतं की पिढ्यान् पिढ्या फिटत नाही. सेवाशीला नववर्षाला मिळालेले खाऊचे पैसे किती, तर ५० येन. म्हणून त्याने हा रोबो पाठवलाय, खापरपणजोबा सुधरावेत म्हणून.

यावर नोबिता एक अत्यंत हुशार प्रश्न विचारतो. माझं भविष्य बदललं, लग्न दुसऱ्या कोणाशी झालं, तर मग तू जन्मालाच येणार नाहीस ना? (भूमितीत शून्य मार्क मिळवणारा हा मुलगा पहिल्याच दिवशी टाईम ट्रॅव्हलमधला मूळ बग पकडतो.) सेवाशी म्हणतो, तोक्योहून ओसाकाला ट्रेनने जा, बसने जा नाहीतर विमानाने, दिशा बरोबर असली की पोचतोच. उत्तर पटण्यासारखं नाही, पण पुढे गोष्टी काढायला पुरेसं आहे.

म्हणजे डोरेमॉन हा नोबिताचा मित्र नंतर झाला. आधी तो एका कामावर आलाय. काम स्पष्ट आहे: या मुलाला स्वतःच्या पायावर उभं करणं. आणि काम पूर्ण झालं की जाणं. शेवट पहिल्याच पानावर लिहून ठेवल्यासारखा आहे.

आणि हे काम तो करतो कसं? पोटाच्या खिशातून यंत्र काढून. नोबिता रडत येतो, यंत्र मिळतं, तातडीचा प्रश्न सुटतो, मग नोबिता तेच यंत्र हावरटासारखं वापरतो आणि सगळं अंगाशी येतं. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शनला टाकलेला पॅच. दर भागात, न चुकता! हसायला येतं ते यामुळेच, आणि नोबिता काही शिकत नाही तेही यामुळेच. त्याला पायावर उभं करायला आलेला माणूस, माफ करा, मांजर, रोज नवी कुबडी देतं. ही गोची फुजिमोतोंना दिसत नव्हती असं अजिबात नाही. तीनही शेवट वाचले की कळतं.

पहिला शेवट १९७१ च्या मार्चचा, चौथीच्या मासिकातला. भविष्यातले पर्यटक भूतकाळात येऊन धुडगूस घालतात, म्हणून तिकडे कायदा होतो आणि कालप्रवास बंद. डोरेमॉनला परत जावं लागतं. हा सरकारी बदलीसारखा शेवट. ना नोबिताचा दोष, ना डोरेमॉनचा.

दुसरा १९७२ च्या मार्चचा, पुन्हा चौथीच्याच मासिकात. इथे प्रश्न सरळ विचारलाय. सेवाशीला वाटतं की नोबिता डोरेमॉनवर फार विसंबून राहतो. म्हणून डोरेमॉन बिघडल्याचं सोंग करतो. नोबिता म्हणतो, तू आधी जा आणि दुरुस्त हो. तेवढ्यावर डोरेमॉनला राहवत नाही, तो खरं सांगून टाकतो. शेवटी नोबिता एकटाच सायकल शिकतोय, पडतोय, पुन्हा चढतोय, आणि डोरेमॉन भविष्यातून टाईम टीव्हीवर ते बघतोय. बस्स. हात न लावता बघणं हेच शेवटचं काम.

हे दोन्ही शेवट वर्षानुवर्षं नेहमीच्या खंडांत छापलेच गेले नाहीत, त्यामुळे विस्मरणात गेले. तिसऱ्याचं तसं झालं नाही.

१९७३: पडलेली मालिका

मधे एक अपयश आहे. १९७३ च्या एप्रिलमध्ये डोरेमॉन पहिल्यांदा टीव्हीवर आला, निप्पॉन टेलिव्हिजनवर. होय, आपण ज्याला ‘जुना डोरेमॉन’ म्हणतो त्याच्याही आधी एक होता. त्याला सुरुवातीला चक्क पुरुषी आवाज होता, कोसेइ तोमिता यांचा. मधेच आवाज बदलून मासाको नोझावा आल्या (‘ड्रॅगन बॉल’च्या चाहत्यांनो, होय, त्याच नोझावा). मालिका सहा महिने, २६ आठवडे चालली आणि सप्टेंबर अखेर बंद पडली. ती बनवणारी कंपनीही गुंडाळली गेली. फिल्म्स इकडेतिकडे गेल्या, बराचसा भाग कायमचा हरवला. बॅकअप नसलेला प्रोजेक्ट!

तेव्हा १९७४ उजाडलं तेव्हाचं चित्र असं: टीव्हीवर पडलेली मालिका, चार वर्षं चाललेली पण फार गाजावाजा नसलेली कॉमिक, आणि चाळिशीत पोचलेले लेखक. मालिका थांबवून नवं काहीतरी करावं असं तेव्हा घाटत होतं, असं सांगतात. तिसरीच्या मासिकाच्या मार्च अंकात ‘सायोनारा, दोराएमोन’ छापून आली.

मार्च १९७४

गोष्ट छोटीशी आहे. डोरेमॉनला भविष्यात परत जायचंय. कारण सांगतच नाहीत. आईबाबाही नोबिताला समजावतात की अडवू नकोस. शेवटच्या रात्री दोघांना झोप लागत नाही, म्हणून बाहेर फिरायला जातात. डोरेमॉन विचारतो, तुझं एकट्याने नीट चालेल ना? नोबिता हो म्हणतो. डोरेमॉनला रडू येतं आणि ते दिसू नये म्हणून तो बाजूला जातो.

तेवढ्यात झोपेत चालणारा जियान समोर येतो. आपलं गुपित नोबिताला कळलं म्हणून चिडतो आणि मारायला धावतो. नोबिता सवयीने डोरेमॉनला हाक मारायला जातो आणि स्वतःचंच तोंड दाबतो. हे भांडण माझं मलाच लढायला हवं. मी जिंकलो नाही, तर डोरेमॉन निर्धास्त जाऊ शकणार नाही.

तो जिंकतो म्हणजे काय, तर सोडत नाही. मार खातो, पडतो, पुन्हा पाय धरतो. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. सुजलेल्या तोंडाचा नोबिता डोरेमॉनला सांगतो, बघ, मी एकटा जिंकलो, आता तू निश्चिंत जा. डोरेमॉन त्याला घरी नेतो, अंथरुणात झोपवतो आणि रात्रभर उशाशी बसतो. सकाळी नोबिता उठतो तर खोलीत कोणी नाही.

त्या भांडणात एकही यंत्र नाही! खिशातून काहीही निघत नाही. एवढ्या सगळ्या गोष्टींनंतर, करारात लिहिलेलं काम एकदाचं झालं, आणि ते खिसा बंद ठेवल्यावर झालं.

मी ही गोष्ट डिक्शनरी हातात घेऊन, दोन संध्याकाळी लावून वाचली. सावकाश वाचल्यामुळे असेल, पण ती सकाळची रिकामी खोली येते तेव्हा खरंच थांबावं लागलं. इथे ही मालिका संपली असती तर तक्रारीला जागा नव्हती.

एप्रिल १९७४

आता ती बॅच सिस्टीम आठवा. मार्चमध्ये तिसरीच्या मासिकात हा निरोप वाचून रडलेली मुलं एप्रिलमध्ये कुठे गेली? चौथीत. त्यांनी चौथीच्या मासिकाचा एप्रिल अंक उघडला, आणि त्यात गोष्टीचं नाव: ‘दोराएमोन परत आला’. मधल्या काळात फुजिमोतोंचा विचार बदलला होता. डोरेमॉन त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

परत आणलं कसं ते बघण्यासारखं आहे. एप्रिल महिना, त्यामुळे एप्रिल फूलचा दिवस. जियान नोबिताला सांगतो की मी आत्ताच डोरेमॉनला पाहिलं. नोबिता वेड्यासारखा धावत सुटतो, आणि कळतं की थाप होती. मग तो डोरेमॉनने जाताना ठेवलेली पेटी उघडतो. त्यात एकच वस्तू निघते, ‘उसो ८००’ नावाचं औषध. जपानीत ‘आठशे खोटं’ म्हणजे धादांत थापा. हे औषध प्यायल्यावर माणूस जे बोलेल ते खोटं ठरतं. नोबिता त्याने जियान आणि सुनिओवर थोडा सूड उगवतो, पण मजा येत नाही. घरी आल्यावर तो बोलून जातो, की डोरेमॉन आता येणार नाही, पुन्हा कधीच भेट व्हायची नाही.

आणि खोलीत डोरेमॉन बसलेला असतो.

बघा, त्याने परत बोलावलं नाही. त्याने आशा सोडल्याचं बोलून दाखवलं, तेव्हाच ते घडलं. लेखकाने शब्द फिरवला तोही अशा गोष्टीतून, जिथे बोललेला शब्द खोटा ठरणं हेच यंत्र आहे. मागच्या महिन्यात मी सायोनारा म्हणालो ना? ती थाप होती, चला पुढे! इतका प्रामाणिक रोलबॅक मी दुसरीकडे पाहिलेला नाही. :)

खंडांची मांडणीही नंतर तशीच झाली. सहाव्या खंडाच्या शेवटी निरोप, सातव्याच्या सुरुवातीला परत येणं.

पुढची ५० वर्षं

यानंतर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९७४ पासून पुस्तकरूपात खंड यायला लागले आणि ते मासिकांपेक्षाही जोरात चालले. १९७७ साली ‘कोरोकोरो कॉमिक’ हे नवं मासिक सुरू झालं, त्याच्या पहिल्या अंकात जवळजवळ २०० पानं डोरेमॉनची होती. २ एप्रिल १९७९ ला टीव्ही आसाहीवर दुसरी मालिका आली, शिन-एइ अॅनिमेशनने बनवलेली. सोमवार ते शनिवार रोज दहा मिनिटं. आवाज नोबुयो ओयामा यांचा. १९८० च्या मार्चमध्ये पहिला चित्रपट आला आणि पुढे दर मार्चला चित्रपट हा जपानी घरांतला रिवाज झाला. ओयामा आणि बाकीचे चार मुख्य कलाकार २६ वर्षं तेच आवाज देत राहिले आणि २००५ साली पाचही जण एकदम निवृत्त झाले. तेव्हापासूनचा आवाज वासाबी मिझुता यांचा. ओयामा २०२४ साली, वयाच्या ९० व्या वर्षी गेल्या.

१९८७ च्या अखेरीस दोन मित्रांनी आपापली नावं वेगळी केली. फुजिमोतो ‘फुजिको एफ. फुजिओ’ झाले. २३ सप्टेंबर १९९६ रोजी ते ६२ व्या वर्षी वारले. तेव्हा ते पुढच्या चित्रपटासाठी चावीच्या खेळण्यांच्या शहराची गोष्ट काढत होते. ती त्यांच्या सहाय्यकांनी पुरी केली. १३०० हून अधिक गोष्टी, ४५ खंड, आणि शेवट नाही.

रिकामी जागा दिसली की लोक ती भरतात. ती हॉस्पिटलची आणि बॅटरीची गोष्ट तिथूनच आली. बॅटरीची गोष्ट १९९८ च्या सुमाराला इंटरनेटवर एका वाचकाने लिहिली. २००५ साली एका हौशी चित्रकाराने ती हुबेहूब फुजिमोतोंच्या शैलीत काढून छापली आणि दहा हजारांवर प्रती विकल्या. लोकांना खरंच वाटलं की हाच शेवट. २००७ साली प्रकाशकांनी हरकत घेतली, चित्रकाराने माफी मागून पैसे भरले आणि प्रकरण मिटलं.

मला ती गोष्ट आवडते, पण फुजिमोतोंची नाही हे लगेच कळतं. त्यात नोबिता जगातला सर्वोत्तम इंजिनियर होतो. फुजिमोतोंच्या तिन्ही शेवटांत तो एवढंच करतो: निरोप देतो, सायकल शिकतो, एका भांडणात टिकतो.

मग परत आणलं ते बरं केलं का?

तक्रार जुनी आहे. नोबिता आळशी, डोरेमॉन त्याला लाडावतो, मुलं बिघडतात. जपानबाहेरही हे झालं. बांगलादेशाने २०१३ साली हिंदी डोरेमॉनचं प्रसारण बंद केलं, तिथे मुख्य काळजी होती की मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलायला लागली. (मराठी घरांतही ‘मम्मी, मुझे डोरा केक चाहिए’ ऐकलेलं आहेच.) २०१६ साली पाकिस्तानातल्या पंजाब विधानसभेत बंदीची मागणी करणारा ठराव मांडला गेला.

त्या तक्रारीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मदत करणाऱ्याने कधी थांबायचं हा प्रश्न खरा आहे. आईबापांना तो पडतो. ऑफिसात ज्युनियरला शिकवणाऱ्या प्रत्येकाला पडतो: तो अडकलाय, की-बोर्ड माझ्या हातात घेतला तर पाच मिनिटांचं काम, नाही घेतला तर त्याचा दिवस जाणार. लवकर सोडलं तर तो बुडतो, सोडलंच नाही तर तो पोहायला शिकत नाही. डोरेमॉनची अख्खी मालिका या एका प्रश्नावर उभी आहे, आणि फुजिमोतोंनी त्याचं उत्तर मार्च १९७४ मध्ये दिलंही: खिसा बंद, आणि सकाळी निघून जायचं.

मग एप्रिलमध्ये माघार का? मला वाटतं, कारण मार्चचं उत्तर बरोबर होतं पण वाचणारं मूल नऊ वर्षांचं होतं. नोबिताला चौथीतच कायमचा शहाणा केला असता, तर पुढच्या बॅचला काय उरलं असतं? त्यांचे जियान, त्यांचे शून्य मार्क अजून व्हायचेच होते. आपल्या चांदोबात वेताळ दर महिन्याला पुन्हा झाडावर जाऊन बसायचा, तसंच हे. विक्रम थकला म्हणून नाही, नवा वाचक आला म्हणून. डोरेमॉन राहिला तो नोबितासाठी नाही, पुढच्या एप्रिलच्या मुलांसाठी. निघून जाण्याचं काम त्याने वाचकांवर सोपवलं. आणि वाचक जातातच. कोणीही ठरवून डोरेमॉन बघणं बंद करत नाही. एका दिवशी टीव्हीवर लागलेला असतो आणि आपण चॅनल बदलतो. तो तुमचा शेवटचा भाग. तारीख कोणालाच आठवत नाही.

गंमत अशी, की जी मासिकं दर मार्चला मुलांना निरोप देत, ती स्वतःच गेली. जपानात मुलं कमी झाली, वाचन बदललं. पाचवी-सहावीची मासिकं २०१० साली बंद झाली, तिसरी-चौथीची २०१२ साली, काही वर्षांनी दुसरीचंही. पहिलीचं तेवढं तगलं. जिना मोडला, पायरी राहिली.

डोरेमॉनचा जन्म, गोष्टीप्रमाणे, ३ सप्टेंबर २११२ चा. २०१२ साली, जन्माच्या बरोबर १०० वर्षं आधी, कावासाकी शहराने त्याला रहिवाशाचा दाखलाही दिला. म्हणजे हिशोबाने पाहिलं तर त्याची सुरुवातच अजून व्हायची आहे. तेव्हा घरातल्या पोराने शेवट विचारलाच, तर बॅटरीची गोष्ट सांगू नका. सहावा खंड काढा, शेवटची गोष्ट त्याला वाचून दाखवा, आणि रडला तर सातवा लगेच हाताशी असू द्या. मोठा झाला की सहाव्यावर थांबायचं की नाही, ते त्याचं तो ठरवेल.